नापसंती कुठे सांगायची?



जीएसटी, दुकानांची भाडी, उधारी हे आपल्या कापड व्यापाऱ्यांचे नेहमीचे विषय अधिवेशनाच्या उद्याच्या सत्रांत आहेतच. मी आज बोलणार आहे ते परत येणाऱ्या मालाबद्दल. तो परत आल्यावर त्याचं काय होतं हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आपल्याला दिसतं.

जर्मनीत ऑनलाइन कपडे घेणारे पुष्कळ लोक आधी पैसे भरत नाहीत. माल घरी येतो, सोबत बिल येतं, ते चुकवायला मुदत मिळते. मग एकच पँट दोन मापांत मागवायची, आरशासमोर घालून बघायची, एक ठेवून दुसरी परत पाठवायची, हे तिथे रीतीला धरूनच आहे. बाम्बेर्ग विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली त्या देशात सुमारे २८ कोटी पार्सलं परत गेली. कपड्यांचं तर जवळजवळ दर दुसरं पार्सल परत फिरतं. घरबसल्या घेतलेला माल कारण न सांगता परत करायला १४ दिवस देणारा कायदा सगळ्या युरोपीय संघाला लागू आहे, तरी फ्रान्समध्ये हे प्रमाण कमी आहे. म्हणजे फरक कायद्याचा नाही, आणि ‘तिकडची माणसंच तशी’ हेही मला पटत नाही. पैसे अजून आपल्याच खिशात असले की हात सैल सुटतो, मग तो कुणाचाही असो. आपल्याकडेही तेच घडतं. ‘माल आल्यावर पैसे’ म्हणून मागवलेली पार्सलं दारातूनच परत फिरतात. ऑनलाइन विकणारे आपले सभासद त्याला आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणतात आणि जाण्यायेण्याचं भाडं पदरचं भरतात.

अमेरिकेत चांगला माल परत घ्यायची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. तिथली प्रथा दुकानदारांनीच पाडली. मेन राज्यातल्या एल. एल. बीन यांनी १९१२ साली शिकारीचे बूट टपालाने विकायला काढले. पहिल्या १०० जोडांपैकी ९० उसवून परत आले आणि त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, असं ती कंपनी सांगते. त्या सचोटीवर धंदा शंभर वर्षं चालला. २०१८ च्या फेब्रुवारीत मात्र कंपनीला परतीची मुदत एक वर्षावर आणावी लागली, कारण काही लोक वापरून विटलेल्या, जुन्या बाजारातून उचललेल्या वस्तूसुद्धा आणून देऊ लागले होते. जपानमध्ये उलट. नुसतं मन बदललं म्हणून दुकानात माल परत न्यायची तिथे फारशी रीत नाही.

परत आलेल्या शर्टाचं पुढे काय होतं ते आपल्याइतकं कोण जाणतं? कुणीतरी तो उलगडून डाग, अत्तराचा वास, निघालेलं बटण बघायचं. इस्त्री, घडी, टाचण्या, नवी पिशवी. तोवर मोसम उलटतो. स्वस्त शर्टाला ही मजुरी परवडत नाही, मग तो लॉटमध्ये मातीमोल जातो, नाहीतर कचऱ्यात. फ्रान्सने २०२२ पासून न विकलेले कपडे नष्ट करायला बंदी घातली, आणि युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांसाठी १९ जुलै २०२६ ही तारीख ठरवली. कायदे चांगलेच आहेत. पण ते लागू होतात तोवर कपडा शिवून, हिंडून, परत येऊन पडलेला असतो. नास त्याआधीच सुरू झालेला असतो.

आपल्या गादीवर हीच नापसंती विक्रीच्या आधी सांगितली जाते. बाई तीस साड्या उलगडायला लावतात. काठ चिमटीत धरून बघतात, पदर खांद्यावर टाकतात, रंग खरा कळावा म्हणून साडी दारापर्यंत उजेडात नेतात, आणि ‘नको, दुसरी दाखवा’ म्हणतात. मागे पोरगा घड्या घालत बसतो. न घेतलेल्या एकोणतीस साड्यांना ना खोका लागला, ना टेम्पो. उलगडून दाखवायचं हे काम आपण हमाली समजून कमी करत चाललो आहोत. घडी मोडायला कुरकुरणारा सेल्समन आणि ट्रायल रूमला कुलूप लावणारा मालक, दोघेही गिऱ्हाइकाला मोबाइलकडे ढकलतात.

ग्राहक चळवळीकडे आपण विरोधक म्हणून पाहतो, पण तिच्याकडून शिकताही येतं. १९७५ साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत सभासदांची मागणी आधी गोळा करते आणि मग एकत्र खरेदी करून कुटुंबांच्या संघांना माल वाटते. गरज आधी मोजली की उरतं कमी. मोसमाचा माल भरताना हे आपणही करून पाहायला हवं.

आता आपल्या पाटीविषयी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आजही आपल्या कित्येक दुकानांत आहे. मला ती सहन होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देणं नाकारलं तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पहिल्या धुण्यात रंग सोडणारी साडी हा आपला दोष आहे, तिथे ‘बदलून न्या’ म्हणणंही पुरेसं नाही. फॉल-पिको झालेली चांगली साडी केवळ नावडली म्हणून परत आली, तर नम्रपणे नाही म्हणायचा हक्क आपल्याला आहे. पण तो बिल फाडण्याआधी सांगितला पाहिजे.

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो. सभासदांनी ती पाटी उतरवावी, सदोष मालाच्या परतीची मुदत बिलावर मराठीत छापावी, आणि तयार कपड्यांवर नुसतं ‘एल’, ‘एक्सएल’ न लिहिता छाती, कंबर आणि लांबी इंचांत द्यावी. ठरावावर चर्चा आजच दुपारच्या सत्रात घ्यावी, अशी माझी सभागृहाला विनंती आहे.