कुदळीआधी मोजणी

दुरून आलेले इतिहास संशोधक, भूशास्त्रज्ञ आणि माझ्या बीडकर बंधू-भगिनींनो,

आज डॉ. आर. एन. आठवले यांच्या कामाची आठवण मुद्दाम काढतो. भूभौतिकी हा त्यांचा विषय. भारतातल्या गेल्या 4,000 वर्षांत पृथ्वीच्या चुंबकत्वाची तीव्रता कशी बदलली, यावर 1966 मध्ये त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. अशा अभ्यासाचा साक्षीदार म्हणजे भाजलेली माती. भट्टीतलं मडकं निवताना त्यातले लोहकण त्या काळचं चुंबकत्व धरून ठेवतात. तेच खापर प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने तापवायचं, निववायचं. जुनं चुंबकत्व किती गेलं, नवं किती आलं हे ताडून पाहायचं. नांगरटीत वर आलेलं खापर आपण पायाने बाजूला सारतो. ते एवढं बोलतं, याचं मला फार अप्रूप आहे.

पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत त्यांनी पाण्याचा ध्यास घेतला. जमिनीत ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) सोडून पाऊस किती मुरतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह मोजलं. 1983 च्या त्यांच्या निबंधात गोदावरी-पूर्णा खोऱ्याचा आकडा आहे: सुमारे 652 मिलिमीटर पावसातले अवघे 56 मिलिमीटर भूजलात! बोअरवर बोअर घेणाऱ्या आपल्या जिल्ह्याने हा आकडा गावोगावच्या चावडीवर लिहावा.

इतिहास आणि पाणी आमच्याकडे एकाच जागी भेटतात. 1582 च्या सुमारास, निजामशाहीत, सलाबतखानाने बांधवलेली खजाना विहीर आणि तिचे भुयारी पाट आपण पाहालच. पोकळ पाट विजेला अडवतो, पाण्याने भरलेला वाट देतो. म्हणून जमिनीची विद्युत रोधकता मोजून या पाटांचा माग न खणता काढता येईल. काम सोपं नाही. आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय, त्यामुळे चुंबकमापक गोंधळतो. ओली काळी माती जमिनीत सोडलेल्या रडारच्या लहरी गिळते. म्हणून दोन-तीन पद्धती जोडीने वापराव्यात, आणि त्याही कोरड्या दिवसांत. अंबाजोगाईला सकलेश्वर मंदिराच्या आवारात 2024 च्या उत्खननात आणखी दोन मंदिरांचे पाये निघाले. तिथेही पुढचा चर आखण्याआधी आसपासची अशी मोजणी व्हावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. एकदा खणलेला थर पुन्हा रचता येत नाही.

उद्या न्याहारीनंतर खजाना विहिरीवर जायला गाड्या आहेत. ज्यांनी उपकरणं आणली आहेत, त्यांनी आज रात्रीच आमच्या स्वागत समितीच्या कार्यकर्त्यांना सांगावं. विहिरीच्या आसपासच्या शेतमालकांशी बोलून ठेवू. पिकं निघाली आहेत, रान मोकळं आहे.