अंगणातली हत्यारे
(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पानिपतात मराठी माणूस हत्यारांविषयी बोलावयास उभा राहिला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे भाले-तलवारी येतात. आमची हत्यारे त्याहून साधी आहेत: विळा, खुरपे, कुदळ आणि फावडे. तथापि या भूमीशी त्यांचेही नाते जुनेच आहे. १७६० च्या ऑक्टोबरअखेर भाऊसाहेबांच्या सैन्याने येथे तळ दिला, तेव्हा कुदळी-फावडी चालवून तळाभोवती खंदक खणला गेला. पुढच्या अडीच महिन्यांत रसद तुटली आणि रानात वैरण कापावयास जाणे जिवावरचे झाले. घोडी उपाशी राहिली, माणसे उपाशी राहिली, आणि मग १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडला. ज्या विळ्याकडे कोणी वळून पाहत नाही, त्याची वाट बंद झाली की केवढी फौज हतबल होते, हे ‘काला आंब’च्या स्मारकापाशी उभे राहताना अवश्य आठवावे.

शस्त्र आणि अवजार या दोहोंना आपल्या भाषेत हत्यार हा एकच शब्द चालतो, आणि खंडेनवमीला दोहोंची पूजाही एकत्रच होते. या पूजेमागे व्यवहार आहे. पाऊस संपलेला असतो, लोखंडावर तांब चढलेली असते. पूजा करावयाची म्हणून हत्यार बाहेर निघते, घासले जाते, त्याला तेल लागते. हरियाणात हेच काम दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्म्याच्या नावाने होते.

आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसांना अंगण मिळते ते बहुधा दुसऱ्याने सोडलेले. घर दोन महिने बंद राहिले आणि ते महिने पावसाळ्याचे असले, तर दारापर्यंत रान माजते. त्यात भांग असते, लव्हाळा असतो, हरळी असते आणि सर्वांवर वरचष्मा गाजरगवताचा असतो. पुण्याच्या परिसरात १९५५-५६ च्या सुमारास ते प्रथम लोकांच्या नजरेत भरले. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सामान्यतः मानतात. पुण्याचे हे दुसरे सैन्य पानिपतापर्यंत आले आणि हे मात्र अद्याप हरलेले नाही! त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते व फोड येतात, परागांनी दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते. म्हणून अंगण केव्हा साफ केले याला फार महत्त्व आहे. फूल धरण्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून आणि नाकातोंडाला फडके बांधून ते मुळासकट उपटावे. नुसते वरून कापले तर बुडख्यातून पुन्हा फुटते.

आता हत्यारे कशी निवडावी ते पाहू. हलक्या पत्र्याचे चकचकीत, रंगवलेले अवजार घेण्यापेक्षा लोहाराकडचे काळे अवजार घ्यावे. मोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून केलेले व नीट पाणी दिलेले पाते धार टिकवते. हातात घेऊन तोल पाहावा. वाकून काम करणाऱ्याला जड कुदळ पहिल्या तासातच थकवते. दांड्याच्या लाकडाचे रेषे सरळ, टोकापासून टोकापर्यंत गेलेले असावेत. मध्ये गाठ असेल तर दांडा तेथेच मोडतो. आपले खुरपे वाकड्या पात्याचे, तर इकडचा खुरपा रुंद, सपाट पात्याचा. मोकळी जमीन खरवडावयास इकडचा बरा, रोपांच्या बुंध्याशी आपलाच. इकडची दातेरी दरांती गवताला उत्तम, मात्र तिचे दाते लोहाराकडूनच काढून घ्यावे लागतात. साधा विळा घरी दगडावर पाजळता येतो.

माजलेल्या अंगणात शिरताना घाई करू नये. पायांत बूट असावेत आणि हातात लांब काठी. नाग-मण्यार या भागातही आहेत आणि विटांचे ढीग ही त्यांची आवडती जागा आहे. सफाई दारापासून सुरू करून बाहेरच्या बाजूस जावे, म्हणजे दडलेल्या जिवाला पळून जाण्यास वाट राहते. प्रथम सारे गुडघ्याइतके कापून घ्यावे. त्यामुळे फुटक्या बाटल्या, तारा, उघडे खड्डे दिसू लागतात. नंतर जमिनीलगत कापावे आणि शेवटी मुळांना हात घालावा. लव्हाळ्याच्या गाठी मातीत राहिल्या तर पंधरवड्यात तो पुन्हा डोके काढतो. त्या खणूनच काढाव्या लागतात. हरळी मात्र एका कोपऱ्यात राखावी. इकडे तिला दूब म्हणतात. भाद्रपदात आपल्याला तिचीच गरज पडते.

कापलेले रान पेटवून देण्याचा मोह आवरावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. ती नसती तरी, थंडीतल्या धुक्यात येथे आधीच श्वास घेणे कठीण होते, हे आपण सारे अनुभवतो. एका खड्ड्यात पाला, शेण व मातीचे थर द्यावेत. बी धरलेले गाजरगवत मात्र त्यात टाकू नये.

काम संपल्यावर पाच मिनिटे हत्याराला द्यावीत. माती धुवावी, पाते कोरडे पुसावे, तेलाचा बोळा फिरवावा. कुदळ-फावड्याची धार कानशीने एकाच दिशेने काढावी. दांड्याला वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे. दांडा सैल झाला तर काही जण ते अवजार पाण्यात बुडवतात. तेवढ्यापुरते लाकूड फुगते, पण वाळल्यावर अधिकच सैल होते. पाचर ठोकणे हाच उपाय. बोथट हत्यार अधिक जोर मागते आणि जोर लावताना ते निसटते. बहुतेक जखमा अशाच होतात.

मंडळाच्या पन्नास वर्षांत किती कुटुंबे आली आणि बदलून गेली! प्रत्येकाने सारी अवजारे विकत घेण्याची आवश्यकता नाही. मंडळाने एक पेटी करावी. तीत दोन विळे, दोन खुरपी, कुदळ, फावडे, कानस आणि तेलाची बाटली ठेवावी. खंडेनवमीला ती सर्वांनी मिळून उघडावी, घासावी व पुजावी. नवे कुटुंब आले की ही पेटी प्रथम त्याच्या दारी जावी. आणि आपली बदली झाली तर घराची किल्ली देण्यापूर्वी अंगण साफ करून द्यावे. मागून येणारा कोण, कुठला, हे आपल्याला ठाऊक नसते. पण त्याच्या घरातही लहान मूल असेल, आणि ते पहिल्याच सकाळी अंगणात धावत जाईल.