पहिली सरावलढत

मुष्टियुद्ध शिकायला आलेला मुलगा आठवडा उलटायच्या आत एक प्रश्न विचारतोच. "गुरुजी, मला लढायला कधी देणार?" आणि मुलीही विचारतात, बरं का. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून तर जास्तच. उत्साह चांगला, तो मोडू नये. पण या प्रश्नाचे उत्तर गुरुजींनी द्यायचे असते, मुलाच्या हौसेने नव्हे. हे मी एकदा विसरलो होतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन मुले, वयाने सारखी, वजनाने सारखी. शिकायला लागून तीन आठवडे झाले असतील. मी म्हटले, जोड बरोबरीची आहे, होऊन जाऊ द्या. शाळेच्या पटांगणात खडूने चौकोन आखला, जुनेपाने मोजे हातात चढवले. दोघांनी डोळे मिटून हात फिरवले. एकाच्या कानशिलावर एक ठोसा बसला. तो हसला, "काही नाही गुरुजी," म्हणाला आणि सायकलवर टांग मारून घरी गेला. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. वडिलांनी जीप करून तालुक्याला नेले. पोरगा वाचला, ही देवाची कृपा. माझी हुशारी नव्हे. त्या रात्री दवाखान्याच्या ओसरीवर त्याच्या आईने मला एवढेच विचारले, "तुम्ही तिथंच होता ना, गुरुजी?"

आता माझे चुकले कुठे ते पाहा. पुष्कळांना वाटते, नवशिक्याला नवशिक्याशीच लढवावे. आपल्या तालमीत वस्ताद असे करीत नाही. नव्या पोराला आधी आखाडा खणायला लावतो, जोर-बैठका काढवतो, आणि मग त्याला धरायला देतो तो एखादा मुरलेला पैलवान. तो गडी पोराला खाली घेतो, पण जपून घेतो; मान कुठे आहे, हात कुठे अडकला आहे, हे त्याला कळते. दोन कच्ची पोरे एकमेकांशी भिडली की दोघांनाही भीती वाटते, आणि भ्यालेला माणूस सगळा जोर लावून मारतो. मुष्टियुद्धातही तेच. पहिल्या लढतीला समोर जाणता विद्यार्थी हवा, आणि त्याला आधीच बजावून सांगितलेले हवे की आज तुला जिंकायचे नाही, शिकवायचे आहे. ज्याला हे जमत नाही, तो कितीही तरबेज असो, नवशिक्यासमोर उभा करू नये.

कुस्तीत आणि यात एक मोठा फरक मात्र आहे. दंड, मांड्या, पोट ही मेहनतीने कणखर होतात. डोके होत नाही. सुक्या नारळात गोटा सुटलेला असतो, तो हलवला की आत वाजतो. करवंटीला तडा जात नाही, पण गोटा आतल्या आत आपटतो. मेंदूचे काहीसे तसेच आहे. तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात असतो, आणि ठोशाने डोके झटक्यात फिरले की आत हादरतो. मार खाऊन खाऊन डोके पक्के होते, असे सांगणारे लोक भेटतात. अमेरिकेतील डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवले की वर्षानुवर्षे डोक्यावर मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते, बुद्धी मंदावते.

मग कोणी म्हणेल, डोक्याला टोप घालू. जरूर घालावा, भुवई फुटत नाही, कान वाचतो. पण वाजणारा नारळ पोत्यात गुंडाळून हलवला तरी गोटा वाजायचा तो वाजतोच. प्रौढ पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतून हा टोप २०१३ साली काढला गेला, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष टोपावाचून लढले. शिकणाऱ्यांनी तो काढावा असे मी मुळीच म्हणत नाही. टोप आहे म्हणून जोरात मारायला हरकत नाही, ही समजूत मात्र काढून टाकावी.

साहित्यात काटकसर करू नका, विशेषतः मोज्यांत. स्पर्धेत हलक्या वजनगटाचे मोजे दहा औंसांचे, म्हणजे सुमारे २८० ग्रॅमचे असतात. सरावलढतीला सोळा औंसांचे, साधारण साडेचारशे ग्रॅमचे वापरावेत. मोजा दाबून पाहावा. आतल्या बोटांची हाडे लागली तर तो लढतीच्या कामाचा राहिला नाही. आत हाताला पट्टी हवी, दातांना रबरी कवच हवे, तेही ज्याचे त्याचे. अंगठी, कडे, कानातले काढून ठेवावे. आणि शहाबादी फरशीवर लढत लावू नका. ठोशापेक्षा पडताना फरशीवर आपटलेले डोके अधिक घात करते.

आता केव्हा उतरवायचे? माझा अनुभव असा की तीन महिन्यांच्या आत घाई करू नये. पण मी कॅलेंडर पाहत नाही, मुलगा पाहतो. मोजा तोंडासमोर आला की तो डोळे मिटतो का? मिटत असेल तर अजून वेळ आहे. ठोसा मारून हात परत गालाशी येतो का? हनुवटी खाली राहते का? तीन फेऱ्या पोत्यावर मारून दमल्यावरही हात वर राहतात का? दमलेल्याचे हात खाली येतात आणि मार तेव्हाच बसतो.

हे जमले की तुकड्यातुकड्याने पुढे जावे. आधी ठोसा खांद्याला नुसता टेकवायचा, डोके वर्ज्य. मग एकाने फक्त डाव्या हाताचा सरळ ठोसा मारायचा, दुसऱ्याने फक्त अडवायचा, मग उलट. यात आठवडे गेले तरी जाऊ द्या. याच वेळी मुलांची भीती मोडते, आणि भीती मोडल्याशिवाय हात हलका पडत नाही. त्यानंतर दोघांनी दोन्ही करायचे, पण एक मिनिटाची फेरी, अंगातला तिसरा हिस्सा जोर. जोर वाढला की शिट्टी. एकाला राग आला की शिट्टी, आणि त्या दिवसापुरते संपले. बघे जमवू नका. "मार, मार" असे ओरडणारे मित्र पटांगणाबाहेर. उपवासाच्या दिवशी, तापातून उठल्यावर किंवा वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेल्या मुलाला रिंगणात घेऊ नये.

एवढे करूनही एखादा ठोसा वर्मी बसतोच. तेव्हा मुलाला "बरं वाटतंय का?" असे विचारू नका, तो "हो" म्हणणारच. त्याच्याकडे नीट पाहा. नजर हरवली आहे का, तोल जातो का, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो का, डोके दुखते, मळमळते, उजेड सोसत नाही असे काही आहे का? आज सकाळी कोणता तास होता, ते विचारा. यातले काही आढळले की त्या दिवशी पुन्हा लढत नाही, मग तो कितीही गयावया करो. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकते. त्याला एकटे सोडू नका, सायकलवर तर नाहीच. घरी पोचवा, घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. पुन्हा लढत लावायची ती डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, आणि महिनाभराच्या आत मी तरी लावत नाही.

तो मुलगा वर्षभराने पुन्हा पटांगणात आला. लढायला नाही, आईने शपथ घातली होती. म्हणाला, "गुरुजी, वेळ धरायला बसू का?" मी त्याच्या हाती घड्याळ दिले. पहिल्याच दिवशी मी एका जोडीला अर्धा मिनिट जास्त देऊ लागलो, तर त्याने उठून सांगितले, "मिनिट झालं, गुरुजी." मी शिट्टी वाजवली.