चित्रपटाविना गाजलेली तबकडी

१९८० साली ‘कुर्बानी’ हा हिंदी चित्रपट आला. त्याचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, एक गाणं मात्र बिद्दू यांचं, ‘आप जैसा कोई’. ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालं. गाणारी नाझिया हसन ही पाकिस्तानी शाळकरी मुलगी. तिचाच आवाज तिच्या आवाजावर चढवून तो घुमारा साधला होता. या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तोही पंधराव्या वर्षी!

पुढच्याच वर्षी तिचा आणि भाऊ झोहेबचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. खरी नवलाई इथेच आहे. आपल्याकडे चित्रपटाबाहेर खपायची ती भजनं, गझला, भावगीतं. इथे ना नायक, ना कथा, ना पोस्टर. तरीही तबकड्या आणि कॅसेटी भारत-पाकिस्तानात धडाक्यात खपल्या. संगीत पुन्हा बिद्दूंचंच. ते मूळचे बंगळूरचे, ‘कुंग फू फायटिंग’ या जगभर गाजलेल्या गाण्याचे निर्माते. ठेका कसा पकडायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शब्द साधेच होते, पण नाचणाऱ्याला तेवढे पुरतात.

१९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ हा अल्बम गाजला, त्याचे संगीतकारही बिद्दूच.