गाडीला फुंकणी लावली तेव्हा



चुलीत लाकडं कोंबली आणि हवा मिळाली नाही, तर जाळ होत नाही, नुसता धूर होतो. मग आपण फुंकणी हातात घेतो. शर्यतीच्या मोटारीतही हीच युक्ती वापरतात. इंजिनात नुसतं पेट्रोल वाढवून भागत नाही, ते जळायला तेवढी हवाही लागते. ती हवा दाबून आत भरणाऱ्या यंत्राला सुपरचार्जर म्हणतात. इंग्लंडमध्ये बेंटली गाडीला तो बसवला, तेव्हा लोक तिला 'ब्लोअर', म्हणजे फुंकणारी, म्हणू लागले.

ही गोष्ट १९२९-३० सालची. ही गाडी शर्यतपटू टिम बर्किन यांना हवी होती. पैसा लावला डोरोथी पॅजेट या श्रीमंत घरच्या तरुणीनं. कंपनीचे डब्ल्यू. ओ. बेंटली यांना मात्र हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, ताकद हवी तर इंजिन मोठं करा.

फुंकणीनं ताकद वाढली, साधारण ११० अश्वशक्तीची शर्यतीत २४० झाली. पण ताकदीबरोबर उष्णता आणि ताणही वाढतो. शिवाय सुपरचार्जर इंजिनाच्याच जोरावर फिरतो, म्हणजे कमाईतला वाटा आधी तोच खातो. १९३० साली फ्रान्समध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत झाली. दोन्ही ब्लोअर गाड्या मध्येच बंद पडल्या. बेंटलीचीच मोठ्या इंजिनाची, बिनफुंकणीची गाडी पहिली आली.

तरी पॅजेटबाईंनी हात पूर्ण आखडता घेतला नाही. एका ब्लोअरला एकाच माणसापुरता अरुंद, निमुळता सांगाडा चढवला होता. कारण आत मदत करणारी हवा बाहेर वाट अडवते. वेग दुप्पट झाला की हवेचा अडसर चौपट होतो. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर त्याच गाडीनं ताशी सुमारे २२२ किलोमीटरचा विक्रम केला. तिथं चोवीस तास तग धरायचा नव्हता, काही मिनिटांचं काम होतं.

आपल्या गटाच्या पिठाच्या गिरणीला मोठी मोटर बसवायची असेल, तर आधी पाहू या: पट्टा, बेअरिंग आणि वायर तिचा जोर सोसतील का? आणि गिरणी तासभर चालवायची आहे की दिवसभर? कर्जाचा अर्ज भरण्याआधी हे दोन प्रश्न बैठकीत नक्की मांडू या.