पोट आणि चाल



संगीताच्या धंद्यात राहून स्वत्व कसे टिकवावे, असा आजचा विषय आहे. 'धंदा' हा शब्द ऐकून काही रसिकांच्या कपाळाला आठी पडली असेल. पण चाल बांधणाऱ्यालाही पोट असते. आज एका खोलीत, एका संगणकावर, चाल, वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रण ही तिन्ही कामे एकच तरुण करतो; त्याला संगीतनिर्माता म्हणतात. साधने नवी आली, पेच मात्र जुनाच राहिला. गिऱ्हाईक म्हणते, "परवा गाजले ना, अगदी तसेच करून द्या." द्यावे की न द्यावे?

या पेचातून गेलेला एक माणूस आपल्यापुढे ठेवतो. श्रीनिवास खळे यांचा जन्म १९२६ सालचा. बडोद्यास संगीत शिकून ते मुंबईत आले. १९५२ च्या सुमारास एका चित्रपटासाठी त्यांनी गदिमांच्या दोन गीतांना चाली दिल्या. पण चित्रपटात त्या आल्याच नाहीत. पुढे एच.एम.व्ही.ने आशा भोसले यांच्या आवाजात त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्यांतले 'गोरी गोरी पान' ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात शोधावे लागेल! नाकारलेली चाल वाईटच असते, असे नाही.

खळ्यांचे चित्रपट बोटांवर मोजण्याइतके. ते दीर्घकाळ एच.एम.व्ही.मध्ये नोकरीस होते. माझा तर्क असा, की महिन्याचा पगार चालू असला म्हणजे नको त्या कामाला 'नको' म्हणण्याचे बळ येते. तेव्हा तरुण मित्रांनो, दिवसा शाळेत शिकवलेत, दुकान सांभाळलेत, तर त्यात कमीपणा मानू नका. ती नोकरी तुमच्या चालीची राखण करते.

कोणी म्हणेल, घाईत आणि मागणीवर अस्सल काही होत नाही. मग गीतरामायण आठवा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीते झाली. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. आणि आठवडा कोणासाठी थांबत नव्हता. मुदतीने स्वत्व जात नाही, ते नकलेने जाते.

पण नकल फक्त मुंबईचीच होते असे समजू नका. आपण आपलीही नकल करतो. कोणत्याही गाण्यात संबळ घातला, चार गावरान शब्द पेरले, की झाले अस्सल, हा भ्रम आहे. धोतर नेसवल्याने बाहुला शेतकरी होत नाही. आपल्या बालाघाटात जात्यावरच्या ओव्या होत्या, अंबाजोगाईच्या आणि तुळजापूरच्या देवीचे आराधी गात आले, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या तोंडी गाणी असतात. ती आधी बसून ऐका. कोणत्या शब्दावर श्वास तुटतो, कोठे आवाज जड होतो, ते टिपा. मग हवे तर गिटार वाजवा. माझी हरकत नाही.

शेवटी श्रोत्यांना एक सांगणे. लग्नकार्यात वाजंत्रीवाल्याचे मोल करताना आपण ताणून धरतो, आणि मग गाण्यात कस उरला नाही म्हणून हळहळतो. गाणाऱ्याचे स्वत्व त्याच्या एकट्याच्या जोरावर टिकत नाही. गावानेही त्याचा भार थोडा उचलावा लागतो. धारूरने तो उचलावा, एवढे विनवून मी आपली रजा घेतो.