धोतरा आणि श्वासाची वाट

लोणारच्या सरोवराकांठीं महादेवाचीं जुनीं देवळें आहेत. महादेवाच्या पूजेंत धोतऱ्याला मान आहे. हें झाड विषारी खरें. परंतु त्याचा धूर दम्यावर घेण्याची भारतांतील जुनी रीत १८०२ च्या सुमारास मद्रासकडून ब्रिटनमध्यें पोहोंचली.

या धुरानें छाती मोकळी कां होत असे? मेंदूकडून फुफ्फुसांत आलेल्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांशीं ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य स्रवतें. तें श्वासनलिकांच्या स्नायूंवरील ठराविक जागीं बसलें, कीं स्नायू आवळतात आणि कफ वाढतो. पंगतींत पाटावर आधींच दुसरा बसला, म्हणजे बोलाविलेला पाहुणा उभाच राहतो. धोतऱ्यांतील ॲट्रोपीनसारखीं द्रव्यें तसाच पाट अडवितात. नलिका सैल होतात.

परंतु हीं द्रव्यें रक्तावाटे सर्वत्र पसरतात. तोंड कोरडें पडतें, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं ॲट्रोपीनच्या रेणूला कायमचा विद्युद्भार देऊन इप्राट्रोपियम बनविलें. श्वासावाटे घेतलेलें हें औषध रक्तांत फारच थोडें उतरतें. त्याच कुळांतील टायोट्रोपियम दिवसांतून एकदां घेतलें तरी पुरतें.

चुलीच्या धुरांत जन्म काढलेल्या स्त्रियांना व विडी ओढणाऱ्यांना जडणाऱ्या श्वासरोगांत या औषधांचा मोठा आधार आहे. झिजलेलें फुफ्फुस मात्र त्यांनीं पूर्ववत् होत नाहीं. काचबिंदु वा लघवी अडण्याची व्यथा असल्यास डॉक्टरांना आधीं सांगावें.

लोणारच्या महादेवाला धोतरा खुशाल वाहावा. श्वासासाठीं मात्र मोजून दिलेलें औषधच घ्यावें.